थेलोनियस मंक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जाझ नव्याने ऐकू लागलेल्या माणसाची गाडी कधी ना कधी मंकपाशी येऊन अडते. कुणाला तो पहिल्याच फटक्यात आवडतो, कुणाला वाटतं की पियानो बिघडलाय. दोन्ही प्रकारच्या लोकांकडून जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

हा होता कोण, थोडक्यात सांगा.

पूर्ण नाव थेलोनियस स्फिअर मंक. जन्म १० ऑक्टोबर १९१७, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रॉकी माउंट गावी. १९२२ मध्ये आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली आणि मॅनहॅटनच्या सॅन हुआन हिल या वस्तीत, वेस्ट ६३व्या रस्त्यावर बिऱ्हाड थाटलं. पियानोवादक आणि रचनाकार. मृत्यू १७ फेब्रुवारी १९८२. रचना जेमतेम सत्तरच्या आसपास. तरीही ड्यूक एलिंग्टनच्या खालोखाल ज्याच्या चाली इतरांनी सगळ्यात जास्त रेकॉर्ड केल्या तो जाझ रचनाकार मंक, असं नेहमी म्हटलं जातं. एलिंग्टनच्या नावावर हजारांहून जास्त रचना आहेत, त्यामुळे या सत्तरांचं वजन काय ते तुम्हीच बघा.

एवढं विचित्र नाव खरंच होतं, की रंगमंचासाठी घेतलेलं?

खरंच होतं. वडीलही थेलोनियसच. ‘स्फिअर’ हे आईच्या वडिलांचं नाव.

तो मुद्दाम चुकीचे सूर वाजवायचा का?

हा प्रश्न त्याच्या हयातीतही विचारला जायचा, आणि टीकाकार तो प्रश्नचिन्ह न लावता विचारायचे. ताडून बघायचा सोपा मार्ग आहे. ‘राउंड मिडनाइट’ किंवा ‘रुबी, माय डिअर’ यांपैकी एक चाल घ्या आणि मंकनेच वेगवेगळ्या वर्षी केलेली तिची रेकॉर्डिंग्ज लागोपाठ लावा. कानाला टोचणारा सूर बहुतेक वेळा त्याच जागी, त्याच वजनाने येतो. माणूस चुकतो तेव्हा दर वेळी वेगळीकडे चुकतो.

तो करायचा काय, तेही बघू. लगतच्या दोन पट्ट्या एकदम दाबायचा, म्हणजे आपल्या भाषेत कोमल गंधार आणि शुद्ध गंधार एकाच वेळी. त्यातली एक पट्टी पटकन सोडायची आणि दुसरी धरून ठेवायची. कानाला असा भास होतो की सूर घसरत जागेवर आला. पियानोवर मींड घेता येत नाही, सूर एकदा वाजला की वाजला. गायक आणि सॅक्सोफोनवाले ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकगीतांतून आलेल्या संगीतात, ज्या मधल्या श्रुतीवर रेंगाळतात, ती या वाद्यातून काढायची मंकची ही युक्ती. तिच्याकडे चूक म्हणून पाहिलं तर ती कर्कश वाटते. ब्लूजच्या कानाने ऐकली की एखादा गाणारा आवाज ऐकू येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याने गाळलेले सूर. नेहमीचा वादक कॉर्डचे, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छाचे, चार-पाच सूर भरघोस लावेल, तिथे मंक दोनच लावतो, आणि तेही असे की उरलेले तुमच्या कानाने भरून घ्यावेत. त्याच्या वादनात शांततेच्या जागा फार आहेत, आणि त्या मोजूनमापून ठेवलेल्या आहेत.

म्हणजे हात तयार नव्हता म्हणून शैली अशी झाली, हे खोटं?

खोटंच. लहानपणी सायमन वुल्फ नावाच्या शिक्षकाकडे तो पाश्चात्त्य अभिजात पियानो शिकला, आणि वस्तीतल्याच अल्बर्टा सिमन्स या पियानोवादिकेकडून त्याने स्ट्राइड उचललं. स्ट्राइड म्हणजे हार्लेमच्या पियानोवाल्यांची डाव्या हाताची धावती शैली: खाली खर्जाचा सूर, लगेच वर कॉर्ड, परत खाली. या शैलीचा बादशहा जेम्स पी. जॉन्सन याच वस्तीत राहायचा. सतरा-अठराव्या वर्षी मंक शाळा सोडून एका धर्मप्रचारक बाईंच्या जथ्याबरोबर गावोगाव वाजवत फिरला.

बोटं पट्ट्यांवर सपाट ठेवायचा, बोटांत मोठाल्या अंगठ्या घालायचा, प्रसंगी कोपरानेही वाजवायचा. पियानोच्या शाळेत यातल्या प्रत्येक गोष्टीला छडी बसली असती. पण १९५९ चं ‘थेलोनियस अलोन इन सॅन फ्रान्सिस्को’ ऐका. साथीला कुणी नाही, तरी डाव्या हाताची लय एका मात्रेनेही ढळत नाही. ज्याचा हात कच्चा आहे त्याच्या हातून इतक्या संथ लयीत हे होत नाही. संथ लय कुणालाच सांभाळून घेत नाही, हे ख्याल ऐकणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

बीबॉप मंकने शोधला का?

एकट्याने नाही. बीबॉप ही जाझची द्रुत, गुंतागुंतीच्या कॉर्डची नवी शैली. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबचा तो कायमचा पियानोवादक होता, ड्रमवर केनी क्लार्क. रात्री उशिरा तिथे डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर, गिटारवादक चार्ली क्रिश्चन अशी मंडळी वाजवायला जमायची. बीबॉपचं व्याकरण तिथे घडलं आणि कॉर्डच्या बाबतीत बऱ्याच जणांनी मंककडून घेतलं. मात्र बीबॉप म्हटलं की जी तुफान द्रुत लय आठवते, तिच्यात त्याला रस नव्हता. ब्लू नोट कंपनीने १९४७ पासून त्याच्या तबकड्या काढल्या आणि जाहिरातीत त्याला ‘बीबॉपचा महापुजारी’ केलं. बिरूद चिकटलं, तबकड्या मात्र पडून राहिल्या.

इतका थोर होता, तर चाळिशी येईपर्यंत नाव का झालं नाही?

त्याचं मोठं कारण संगीताबाहेरचं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय त्याची गोष्ट पुरी होत नाही.

त्या काळी न्यूयॉर्कमध्ये जिथे दारू मिळते अशा जागी वाजवायचं तर पोलिसांकडून ‘कॅबरे कार्ड’ घ्यावं लागे. कार्ड गेलं की धंदा बंद. ऑगस्ट १९५१ मध्ये मंक आणि त्याचा जिवलग मित्र, पियानोवादक बड पॉवेल, गाडीत बसलेले असताना पोलीस आले. हेरॉइनची पुडी सापडली. ती मंकची नव्हती असंच सगळीकडे सांगितलं जातं, पण त्याने मित्राविरुद्ध तोंड उघडलं नाही. त्याला ६० दिवसांची कैद झाली आणि कार्ड गेलं. पुढची जवळजवळ सहा वर्षं जाझच्या राजधानीत राहून त्याला तिथल्या क्लबांत वाजवता येत नव्हतं. घर बायकोने, नेलीने, नोकऱ्या करून चालवलं. गायिका बिली हॉलिडेचंही कार्ड असंच गेलं होतं. ही पद्धत १९६७ मध्ये रद्द झाली, तोवर कितीतरी जणांची ऐन उमेदीची वर्षं वाया गेली होती.

या काळात तो घरी बसून रचना करत राहिला. प्रेस्टिज कंपनीने त्याची इतकी कमी किंमत केली होती की १९५५ मध्ये रिव्हरसाइड कंपनीने शंभरेक डॉलरची बाकी चुकती करून त्याला सोडवून घेतलं. रिव्हरसाइडने लोकांची भीड चेपावी म्हणून पहिली तबकडी एलिंग्टनच्या चालींची करायला लावली. हिशेब व्यापारी होता, पण तबकडी सुरेख झाली.

त्याच्या रचनांमध्ये असं वेगळं काय आहे?

माझ्या मते मंकचा खरा वारसा इथेच आहे, त्याच्या तऱ्हेतऱ्हेच्या टोप्यांमध्ये आणि किश्शांमध्ये नाही. म्हणून जरा तपशिलात जाऊ.

त्या काळच्या जाझची रीत अशी की चाल एकदा वाजवायची, मग ती बाजूला ठेवून तिच्या खालच्या कॉर्डवर प्रत्येकाने आपापला सोलो घ्यायचा, शेवटी पुन्हा चाल. मंकच्या रचनेत हे नीट जमत नाही. चाल आणि कॉर्ड एकमेकांत अशा गुंतलेल्या असतात की चाल विसरून नुसत्या कॉर्डवर धावलात तर सोलो पोकळ वाटतो. तो स्वतः सोलो घेताना चालीचेच तुकडे उलटेपालटे करतो, ताणतो, अर्धे सोडतो.

‘स्ट्रेट, नो चेझर’ घ्या. बारा बारचा साधा ब्लूज, म्हणजे चार-चारच्या हिशेबाने ४८ मात्रांचं आवर्तन. त्यात चढत जाणारा एक चिमुकला तुकडा आहे, आणि जवळजवळ सगळी चाल त्या एकाच तुकड्याची. फक्त तो दर वेळी बारच्या वेगळ्या मात्रेवर सुरू होतो, कधी शेपूट लांब, कधी तोडलेलं. तबल्याच्या कायद्याचा विस्तार ज्याने ऐकलाय त्याला ही गंमत पहिल्या ऐकण्यात कळेल. हातावर ४८ मोजत ऐका. तुकडा समेला चकवतो आणि आवर्तन मात्र बरोब्बर जागी पुरं होतं.

‘थेलोनियस’ या रचनेत चाल म्हणजे बहुतांशी एकच सूर, पुन्हा पुन्हा. खालच्या कॉर्ड सरकत राहतात, त्यामुळे तोच सूर दर वेळी निराळा भासतो. ‘एव्हिडन्स’ ही ‘जस्ट यू, जस्ट मी’ या जुन्या गाण्याच्या कॉर्डवर बेतलेली; पण वर चाल म्हणून आहेत ते अधूनमधून पडणारे सुटे ठोके. ‘क्रेपस्क्यूल विथ नेली’ १९५७ ची, बायको आजारी असताना केलेली. तिच्यात सोलोला जागाच नाही. जशी लिहिली तशी वाजवायची आणि थांबायचं.

आणि ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’. ही २२ बारची, म्हणजे जाझमधल्या नेहमीच्या ३२ च्या चौकटीत न बसणारी. एकदा संथ, लगेच दुप्पट लयीत, आणि सोलोतही हाच क्रम. १९५६ च्या रेकॉर्डिंगला सॅक्सोफोनवर सॉनी रॉलिन्स आणि अर्नी हेन्री, बेसवर ऑस्कर पेटिफर्ड, ड्रमवर मॅक्स रोच. त्या काळातली ही अव्वल माणसं. पंचवीस वेळा प्रयत्न झाले, एकदाही रचना धड शेवटापर्यंत गेली नाही. शेवटी निर्माता ऑरिन कीपन्यूजने टेपचे तुकडे जोडून ती सिद्ध केली. आज संगीत महाविद्यालयातली मुलं ती वाजवतात.

‘राउंड मिडनाइट’ त्याचीच ना? मग श्रेय तिघांना का?

चाल त्याचीच. १९४४ मध्ये कूटी विल्यम्सच्या बँडने ती पहिल्यांदा रेकॉर्ड केली आणि विल्यम्सचं नाव जोडलं गेलं. शब्द बर्नी हॅनिघेनचे. आज सगळे वाजवतात तो सुरुवातीचा आलाप म्हणावा असा तुकडा गिलेस्पीचा. तेव्हाच्या व्यवहारात असं सर्रास चालायचं, आणि मानधनाची वाटणीही त्याच हिशेबाने होत राहायची.

कोल्ट्रेनबरोबरच्या त्या प्रसिद्ध टेपची भानगड काय आहे?

१९५७ मध्ये मंकला कार्ड परत मिळालं आणि मॅनहॅटनमधल्या फाइव्ह स्पॉट या लहानशा क्लबमध्ये त्याची चौकडी काही महिने ठाण मांडून बसली. सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन. नुकताच व्यसनातून उठलेला कोल्ट्रेन मंकच्या घरी जाऊन रचना शिकायचा. मंक कागद आधी देत नसे. वाजवून दाखवायचा, समोरच्याने कानाने उचलायचं. गुरूसमोर बसून शिकणं ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही, पण अमेरिकन स्टुडिओत तासावर पैसे मोजले जात असताना ही पद्धत म्हणजे धाडसच होतं. त्याच वर्षीच्या ‘मंक्स म्यूझिक’ या तबकडीवर ‘वेल, यू नीडन्ट’ चालू असताना मंक मध्येच ‘कोल्ट्रेन! कोल्ट्रेन!’ असं ओरडतो, कारण त्याच्या सोलोची पाळी आलेली असते. ती हाक तशीच ठेवली आहे.

या जोडीची स्टुडिओतली रेकॉर्डिंग्ज मोजकीच. त्यामुळे २९ नोव्हेंबर १९५७ च्या कार्नेगी हॉलमधल्या कार्यक्रमाची टेप २००५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली तेव्हा जाझच्या दुनियेत दिवाळी झाली. व्हॉइस ऑफ अमेरिकाने ती नभोवाणीसाठी केली होती आणि ती ४८ वर्षं फडताळात पडून होती. आवाज लख्ख आहे. त्यातलं ‘मंक्स मूड’ ऐका.

तो नाचायचा म्हणे? वेडसर होता का?

नाचायचा. सॅक्सोफोनचा सोलो चालू झाला की पियानो सोडून उठायचा आणि जागच्या जागी गोल फिरायचा, पाय आपटायचा. वाद्यवृंदाला लय दाखवायची त्याची ही रीत होती, आणि त्या वेळी पियानो गप्प राहिल्याने सॅक्सोफोनला मोकळं रानही मिळायचं.

आजार मात्र खरा होता. दिवसेंदिवस न बोलणं, न झोपणं, मग अचानक कोसळणं. त्याला अनेकदा रुग्णालयात दाखल करावं लागलं. रॉबिन केली यांनी २००९ च्या चरित्रात हे बायपोलर विकाराच्या अंगाने मांडलं आहे. १९५८ मध्ये डेलावेअर राज्यात पाणी प्यायला एका मोटेलपाशी थांबला असता पोलिसांनी त्याच्या हातांवर काठ्या मारल्या, पियानोवादकाच्या हातांवर. कार्ड पुन्हा गेलं. नियतकालिकांनी मात्र गूढ, विक्षिप्त बुवा असंच त्याचं चित्र रंगवलं. २८ फेब्रुवारी १९६४ च्या ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर तो झळकला, आर्मस्ट्राँग, ब्रुबेक आणि एलिंग्टन यांच्यानंतर हा मान त्याला मिळाला. त्या कौतुकातही टोपीचा भाव संगीतापेक्षा वरचढ होता.

पॅनोनिका कोण?

रॉथ्सचाइल्ड घराण्यातली बॅरोनेस पॅनोनिका द कोनिग्सवार्टर. १९५४ मध्ये पॅरिसमध्ये तिची मंकशी भेट झाली. त्याचे वकील, डॉक्टर, गाडी, पियानो, सगळ्याला ती धावून आली. डेलावेअरला गाडी तीच चालवत होती आणि गाडीत सापडलेल्या गांजाचा आळ तिने स्वतःवर घेतला. नेलीची तिच्याशी मैत्री होती. यापलीकडच्या कुजबुजीत मला रस नाही. ‘पॅनोनिका’ ही चाल ऐकावी.

शेवटी त्याने वाजवणं का सोडलं?

१९७१-७२ मध्ये गिलेस्पी, आर्ट ब्लेकी वगैरेंबरोबर त्याने ‘जायंट्स ऑफ जाझ’ म्हणून जगभर दौरा केला, १९७६ पर्यंत तुरळक कार्यक्रम केले आणि मग थांबला. शेवटची वर्षं न्यू जर्सीत वीहॉकनला पॅनोनिकाच्या घरी, हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्क दिसेल अशा खोलीत गेली. खोलीत पियानो होता, तो क्वचितच उघडला गेला. आजार, औषधं, थकवा अशी कारणं दिली जातात. त्याने स्वतः काही सांगितलं नाही.

त्याच्यामागे हे संगीत कुणी सांभाळलं?

सगळ्यात आधी सोप्रानो सॅक्सोफोनवाला स्टीव्ह लेसी. १९५८ मध्ये, मंक अजून सर्वमान्य व्हायचा होता तेव्हा, त्याने फक्त मंकच्या रचनांची एक अख्खी तबकडी केली, आणि पुढे आयुष्यभर तेच भांडार खणत राहिला. मंकबरोबर वाजवताना मिळालेल्या सूचना त्याने १९६० मध्ये वहीत उतरवून ठेवल्या. त्या पानाच्या प्रती आज जगभरच्या सरावाच्या खोल्यांत चिकटवलेल्या दिसतात.

चार्ली राउझ हा अकरा वर्षं मंकचा सॅक्सोफोनवादक होता. त्याने आणि ड्रमर बेन रायलीने ‘स्फिअर’ नावाचं पथक काढलं. त्यांची पहिली तबकडी, सगळी मंकच्या रचनांची, ज्या दिवशी रेकॉर्ड झाली त्याच दिवशी मंक गेला. जर्मनीत अलेक्झांडर फॉन श्लिपेनबाख याने पुढे मंकच्या सगळ्याच रचना एका दमात वाजवण्याचा घाट घातला. आजच्या पियानोवादकांत विजय अय्यरने ‘एपिस्ट्रॉफी’ आणि ‘वर्क’ आपल्या पद्धतीने वाजवल्या आहेत, आणि मंकचं ऋण तो उघडपणे मानतो.

मानसन्मान उशिरा आले: १९९३ मध्ये ग्रॅमीचा जीवनगौरव, २००६ मध्ये पुलित्झरचं विशेष मानपत्र.

मंकच्या नावाची संस्था होती, ती बंद झाली का?

बंद नाही, नाव बदललं. १९८६ मध्ये सुरू झालेली थेलोनियस मंक इन्स्टिट्यूट ऑफ जाझ २०१९ पासून हर्बी हॅनकॉक इन्स्टिट्यूट आहे. तिच्या स्पर्धेचा पहिला विजेता मार्कस रॉबर्ट्स. पुढे जोशुआ रेडमन, सेसिल मॅक्लोरिन साल्व्हांट असे कलावंत तिथून पुढे आले. ३० एप्रिलचा आंतरराष्ट्रीय जाझ दिवस युनेस्कोबरोबर हीच संस्था भरवते. स्पर्धेत मंक स्वतः पहिल्या फेरीत गारद झाला असता, असा जुना विनोद आहे. मला तो विनोद कमी आणि नोंद जास्त वाटते.

पहिल्यांदा काय ऐकू?

‘मंक्स ड्रीम’ (१९६३). त्याची त्याच्या हयातीत सगळ्यात जास्त खपलेली तबकडी. चौकडी मुरलेली, आवाज स्वच्छ. मग कार्नेगी हॉल. मग १९४७ ची ब्लू नोटवरची रेकॉर्डिंग्ज. तबकड्या तीन-तीन मिनिटांच्या, त्यामुळे पाल्हाळ नाही. ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ त्यानंतर.

गोष्टीसकट ऐकायचं असेल तर ‘पालो आल्टो’. ऑक्टोबर १९६८, वर्णद्वेषाचा तणाव असलेलं कॅलिफोर्नियातलं गाव. डॅनी शर नावाच्या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने मंकच्या चौकडीला आपल्या शाळेच्या सभागृहात बोलावलं आणि ते आले. शाळेतल्या सफाई कामगाराने पियानोचे सूर नीट लावून देतो, बदल्यात रेकॉर्ड करू द्या, असा सौदा केला. ती टेप २०२० मध्ये बाहेर आली.

मी पियानो शिकतोय. मंकची कुठली चाल आधी बसवू?

‘ब्लू मंक’. बारा बारचा ब्लूज, पायरी-पायरीने चढणारे सूर, हाताला सोपी. पुस्तकातून बसवू नका. छापील प्रतींत कॉर्ड बऱ्याचदा गुळगुळीत केलेल्या असतात. १९५४ चं रेकॉर्डिंग लावा, बेसवर पर्सी हीथ, ड्रमवर आर्ट ब्लेकी. आधी चाल गाता येईपर्यंत ऐका, मग उजव्या हाताने वाजवा. डाव्या हातात कॉर्डचे दोनच सूर ठेवा. तिसरा घालायचा मोह होईल तेव्हा पुन्हा रेकॉर्डिंग लावा आणि मंकने तिथे काय गाळलंय ते बघा.